आत येण्याआधी विचारावं

टेक्सासात दुकानांच्या, दवाखान्यांच्या, देवळांच्या काचेच्या दारांवर एक पाटी असते. नवीन आलेला माणूस ती वाचत नाही, कारण ती वाचण्यासाठी लिहिलेली वाटतच नाही. कायद्याचं एक लांबलचक वाक्य, आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये. अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत, मागच्या रंगावर ठळक उठून दिसणारी हवीत, येणाऱ्याच्या सहज नजरेला पडतील अशी हवीत. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे आणि त्यातलं काही राहिलं, तर त्या पाटीचा आधार न्यायालयात टिकेलच असं नाही. लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी कलम ३०.०६ ची पाटी, उघडपणे कमरेला लावलेल्या पिस्तुलासाठी ३०.०७ ची. सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तेव्हा त्यांच्यासाठी ३०.०५ ची आणखी एक. काही दारांवर या तिन्ही पाट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्या गर्दीत दुकान किती वाजता उघडतं ते शोधावं लागतं.

मी ह्यूस्टनजवळ राहते. १ जानेवारी २०१६ पासून इथे परवानाधारकांना पिस्तूल उघड्यावर लावून फिरण्याची मुभा मिळाली, तेव्हा दारांवर या पाट्या झपाट्याने वाढल्या. आम्ही ज्यांच्याकडून दूध-भाजी घेतो त्या एचईबी दुकानांनीही उघडं पिस्तूल आत चालणार नाही असं सांगितलं. त्या दिवसांत मला या कायद्याची रचना पहिल्यांदा नीट कळली. बोलण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर आहे. तुम्ही काही म्हटलं नाहीत, तर येणाऱ्याने तुमची हरकत नाही असं समजावं. दुकानाला हे लागू आहे, तसंच माझ्या घरालाही. माझ्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्याच्या कमरेला पिस्तूल असेल आणि मी त्याला काही सांगितलेलं नसेल, तर त्याने कुठलाही गुन्हा केलेला नाही.

बंदुका असाव्यात की नसाव्यात, हा वाद मी इथे काढत नाही. माझं त्याबद्दल मत आहे आणि ते माझ्या शेजाऱ्यांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते कायदा जिथे थांबतो त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. कायद्याने मुभा दिली म्हणून दुसऱ्याच्या दारातून तसंच आत यावं का? आणि यायचंच असेल, तर कसं यावं?

एका उन्हाळ्यात आमच्या घरातला एसी बंद पडला. ह्यूस्टनचा जुलै ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आई सिंधुदुर्गातून आली होती, मुलगी लहान होती, घर तव्यासारखं तापलं होतं. दुपारी तंत्रज्ञ आला. तरुण, नम्र, दर दोन वाक्यांनी ‘मॅडम’ म्हणणारा. दारातच त्याने खिशातून निळ्या कागदी पिशव्या काढल्या आणि बुटांवर चढवल्या. इथले कामाला येणारे बहुतेक लोक हे न सांगता करतात, कुणाच्या घरातली जमीन आपल्यामुळे मळू नये म्हणून. मग तो आत आला आणि शिडी लावायला वळला, तेव्हा त्याच्या उजव्या कमरेला काळं पिस्तूल दिसलं.

आईने मुलीला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तो वर पोटमाळ्यावर काम करत होता तोवर मी खाली स्वयंपाकघरात उभी होते. मी त्याला काही बोलले नाही, आणि न बोलण्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी म्हटलं असतं तर त्याने पिस्तूल ट्रकमध्ये नेऊन ठेवलं असतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. तो भला मुलगा होता. पण ती खात्री ‘जवळजवळ’ होती आणि घरात माझी म्हातारी आई आणि लहान मूल होतं. बुटांसाठी त्याने मला विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. पिस्तुलासाठी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं असं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

नंतर मी त्या कंपनीला फोन केला. त्यांचं म्हणणं, आमचा तसा काही नियम नाही, तुम्ही सांगितलं असतं तर त्याने काढलं असतं. हे वाक्य मला इथे वेगवेगळ्या लोकांकडून ऐकायला मिळतं: सांगायचं होतंत. हे म्हणणाऱ्यांना कळत नाही ते असं, की शस्त्र घेऊन समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘नाही’ म्हणणं आणि इतर कुणालाही ‘नाही’ म्हणणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. समोरचा कितीही सज्जन असो. बंदूक आधीच आत आलेली असते आणि तुमचा नकार तिच्यासमोर द्यायचा असतो. अशा नकाराला मोकळा नकार म्हणता येत नाही, आणि मग अशा गप्प बसण्याला संमती कसं म्हणायचं?

मोठ्या कंपन्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून सांगितलं, की कृपया आमच्या दुकानांत बंदुका आणू नका. पण ही बंदी नाही, विनंती आहे. बंदी का नाही, याचं कारणही त्या पत्रातच होतं: बंदी केली तर ती पाळायला लावण्यासाठी आमच्या कर्मचाऱ्यांना सशस्त्र ग्राहकांसमोर उभं राहावं लागेल, आणि ते काम मी त्यांच्यावर टाकू इच्छित नाही. अनेकांना तेव्हा हा पळपुटेपणा वाटला. मला तो या विषयावरच्या सगळ्या जाहीर मजकुरातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा वाटतो. काउंटरमागे कॉफी करणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी असते. तिने कमरेला पिस्तूल लावलेल्या माणसाला बाहेर जा म्हणायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

पुढच्या वर्षी टेक्सासात काही लोक लांब रायफली खांद्याला लावून जेवणाच्या ठिकाणी जाऊ लागले. त्यामागचं कारण बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल. तेव्हा इथे पिस्तूल उघड्यावर बाळगायला बंदी होती, पण रायफलीला कधीच नव्हती. पिस्तुलाची मुभा मिळवण्यासाठी त्यांनी रायफली मिरवल्या. मे २०१४ मध्ये चिपोटले या उपाहारगृहांच्या साखळीने आणि जुलैमध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने, बंदुका आणू नका अशी विनंती केली. बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या एनआरएच्या मजकुरातसुद्धा या प्रकाराला विचित्र म्हटलं गेलं, शेजारधर्माला धरून नाही असं म्हटलं गेलं. तो मजकूर काही दिवसांतच मागे घेण्यात आला, पण लिहिणाऱ्याला खरं तेच सुचलं होतं असं मला वाटतं. त्यानंतर ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोमधल्या वॉलमार्टमध्ये एका माणसाने केलेल्या गोळीबारात तेवीस माणसं गेली, आणि महिन्याभरात वॉलमार्टनेही उघड्या बंदुका आणू नका असं सांगितलं. एल पासोनंतर दुकानात रायफल घेऊन शिरणारा माणूस आपला हक्क बजावतोय की मारायला आलाय, हे दारातल्या माणसाने कशावरून ओळखावं? ते कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

जुन्या पश्चिमेत प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असायचं, हीच अमेरिकेची रीत आहे, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये नियम केला होता, की गावात येणाऱ्याने आपली शस्त्रं तबेल्यात किंवा दारूच्या गुत्त्यात जमा करायची आणि जाताना घेऊन जायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्याच ओके कोराल या तबेल्याजवळची ती प्रसिद्ध गोळीबाराची चकमक झाली, आणि तिच्या कारणांपैकी एक होतं हा नियम न पाळणं. कॅन्ससमधल्या डॉज सिटीच्या एका जुन्या फोटोत रस्त्याच्या मधोमध मोठा फलक दिसतो: शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई. गावाबाहेर माणसाला बंदूक लागत होती आणि गावात तीच नको होती. ज्यांनी तो काळ जगला त्यांना यात काही विसंगती वाटली नाही.

ही रीत अजून जिवंत आहे, फक्त ती शहरात नाही, रानात आहे. टेक्सासातली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. म्हणजे शिकारीला जायचं तर कुणाच्या तरी जमिनीवरच जावं लागतं. त्यामुळे शिकाऱ्यांमध्ये विचारण्याची पद्धत इतकी मुरलेली आहे की तिची चर्चाही होत नाही. इथे कुंपणाच्या खांबांवर आणि झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसतात. १९९७ पासून त्या पट्ट्यांना ‘आत येऊ नये’ या पाटीचाच दर्जा आहे. पट्टा किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. तो दिसला की शिकारी तिथूनच परततो.

आमच्या शेजारचे आजोबा जन्मभर शिकार करत आले. बंदुकांबद्दल त्यांचं आणि माझं एकमत होणं शक्य नाही, पण या विषयातले शिष्टाचार मी त्यांच्याकडून शिकले. कुंपण ओलांडायचं तर आधी बंदूक रिकामी करायची आणि खाली ठेवायची, मगच आपण पलीकडे जायचं. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर गोळी भरायचा कक्ष उघडून, रिकामा आहे हे त्याला दाखवून द्यायची. गेट जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. आणि जमीन मालकाची परवानगी गेल्या वर्षी घेतली होती म्हणून या वर्षी गृहीत धरायची नाही. आमच्याकडे मागच्या अंगणात जेवायला बोलावलं की ते दोन दिवस आधी फोन करतात. ‘मी घरीच ठेवून येतो, चालेल ना?’ असं ते विचारतात. खरं तर ठेवून येणार असतील तर विचारायची गरज नाही. पण त्यांना मला ते सांगायचं असतं, म्हणजे मी त्या संध्याकाळी त्यांच्या शर्टाच्या टोकाकडे बघत बसणार नाही.

माझ्या आजोबांकडेही बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, ठासणीची. रानडुकरं भाताच्या आणि नाचणीच्या मुळावर येत, म्हणून आमच्या भागात अशी बंदूक घराघरांत नसली तरी वाडीत एखादी असायची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. रात्री राखणीहून परतताना वाट दुसऱ्यांच्या घरांवरून होती. आजोबा खळ्याच्या बाहेर थांबून हाक द्यायचे, बंदुकीच्या घोड्याखालची, बार उडवणारी टोपी काढून घ्यायचे, आणि कुणी ‘या’ म्हटल्यावरच पुढे व्हायचे. पाणी प्यायला थांबले तर बंदूक पडवीच्या बाहेर, त्यांच्या स्वतःच्या नजरेसमोर, नळी वर करून उभी. सावंतवाडीकडच्या एका शेतकऱ्याने आणि टेक्सासातल्या एका शिकाऱ्याने एकमेकांना न भेटता एकच नियम पाळला, कारण दोघांनाही हत्यार काय करू शकतं ते ठाऊक होतं.

आता मराठी माणसाकडे येते, कारण हा प्रश्न आमच्या घरांत आला आहे. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथ इथे श्रीनिवास कुचिभोटला या अभियंत्याला एका बारमध्ये, तू आमच्या देशातून चालता हो असं ओरडत गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर आमच्या ओळखीच्यांत पिस्तूल घेण्याबद्दलचं बोलणं बदललं. आधी जे गंमतीने व्हायचं ते गंभीरपणे होऊ लागलं. एका जवळच्या मित्राने पिस्तूल घेतलं, प्रशिक्षण घेतलं, नेमाने सरावाला जातो. त्याची भीती खरी आहे आणि मी ती हलकी करून बोलणार नाही. तो मला २९ डिसेंबर २०१९ चं, टेक्सासातल्याच व्हाइट सेटलमेंट नावाच्या गावातलं चर्च आठवून देतो. तिथे प्रार्थना चालू असताना एकाने दोघांना मारलं आणि चर्चच्याच एका स्वयंसेवकाने त्याला काही सेकंदांत गोळी घालून थांबवलं. हेही घडलेलं आहे.

पण त्या स्वयंसेवकाबद्दल चर्चला माहिती होती. तो चर्चच्या सुरक्षा पथकात होता. माझा मुद्दा हाच आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीत दारावर कामाची वेळ संपलेला पोलीस अधिकारी मानधन देऊन उभा करतात, गणवेशात, पिस्तुलासह. तो कोण आहे, त्याला कुणी बोलावलं, तो कशासाठी उभा आहे, हे आरतीला आलेल्या प्रत्येकाला कळतं. यजमानाने ठरवलेलं शस्त्र आणि पाहुण्याने स्वतःहून आणलेलं शस्त्र यांत फरक आहे.

मित्राचा आणि माझा खरा मतभेद लपवलेल्या पिस्तुलावर आहे. तो म्हणतो, कुणाला दिसतच नाही तर कुणाला त्रास काय? विचारलं की उलट यजमान घाबरतो. दुकानाच्या बाबतीत मी त्याचं म्हणणं अर्धं मान्य करते. उघडं पिस्तूल रांगेतल्या सगळ्यांना वेठीला धरतं, लपवलेलं धरत नाही. घरात मात्र मला उलट वाटतं. माझ्या घरात मुलं पाहुण्यांच्या मांडीवर चढतात, मिठी मारतात, सोफ्यावर त्यांच्या शेजारी झोपी जातात. पाहुणा ते पिस्तूल स्वच्छतागृहात काढून ठेवतो आणि विसरतो, असं घडल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. माझ्याच घरात काय आलं आहे हे मला माहीत नसेल, तर मी माझ्या मुलीची काळजी कशी घेणार? उघडं पिस्तूल निदान मला सांगतं तरी.

आणि उघडं बाळगण्याचा हक्क सगळ्यांना सारखा मिळत नाही, हेही आमच्या लोकांनी लक्षात ठेवावं. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाने, गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला आपल्याकडे बंदूक असल्याचं शांतपणे, आपणहून सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. पोलिसाने काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. दाढीवाल्या, सावळ्या, वेगळ्या उच्चारात बोलणाऱ्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर अनोळखी दारातला माणूस काय समजेल, हे मी त्या मित्राला विचारलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

घरी पोचल्यावर विचारू, काढून कुठे ठेवू म्हणून, असंही काहीजण म्हणतात. तेही नको. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असेपर्यंत चाप झाकलेला असतो. ते बाहेर काढताना, रिकामं करताना, कपाटावर ठेवताना अपघात होतात, आणि कपाटावर ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतं. गाडीत ठेवायचं तर सीटखाली साखळीने बांधलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवावं लागतं, नुसतं कप्प्यात टाकून चालत नाही, कारण गाड्या फोडून पिस्तुलं चोरणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. आणि जिथे दारू आहे तिथे तर प्रश्नच नको, नशेत पिस्तूल बाळगणं टेक्सासातही गुन्हा आहे. म्हणून विचारायचं ते घरून निघण्याआधी, फोनवर. तिथे यजमान मोकळेपणाने नाही म्हणू शकतो आणि पाहुणा मोकळेपणाने न येण्याचं ठरवू शकतो. न येणं हा अपमान नाही. मित्र एकदा आला नाही, मला वाईट वाटलं, आणि आमची मैत्री आहे तिथे आहे.

काही राज्यांनी हा भार कायद्यानेच उलटा केला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कने आणि २०२३ मध्ये हवाईने ठरवलं, की मालकाने हो म्हटल्याशिवाय खासगी जागेत बंदूक न्यायची नाही. हवाईचा वाद वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायदा काय म्हणेल ते म्हणो. माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं हे न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायचं कारण नाही.

यजमानाचंही काम आहे, आणि ते मला इथल्या बालरोगतज्ज्ञांनी शिकवलं. मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी त्या घरात कुलूपबंद नसलेली बंदूक आहे का असं विचारा, यासाठीच्या मोहिमेत त्यांची संघटना वर्षानुवर्षं सहभागी आहे. २१ जून हा त्यासाठीचा दिवस. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला होता. मुलीच्या मैत्रिणीच्या आईने लगेच सांगितलं, आहे, तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या ठेवतो, आणि विचारलंत ते बरं केलंत. त्यानंतर मला जड गेलं नाही. ज्यांच्याकडे बंदुका आहेत ते या प्रश्नाने क्वचितच दुखावतात, असा माझा अनुभव आहे. जबाबदार माणसाला तो प्रश्न जबाबदारच वाटतो.

म्हणून आता आमच्या घरच्या आमंत्रणात, पत्ता आणि गाडी कुठे लावायची याच्या खाली, एक ओळ असते: घरात लहान मुलं आहेत, कृपया बंदूक घरी ठेवून या, काही अडचण असेल तर आधी फोन करा, बोलू. मराठी मंडळींपैकी काहींना ती ओळ सणाच्या पत्रिकेत शोभत नाही असं वाटलं. एका काकूंनी ती काढायला सांगितलं, मी नाही काढली. या वर्षीपासून ती इंग्रजीतही घालते आहे, कारण गौरीच्या जेवणाला शेजारचे आजोबा आपल्या मुलाला आणि सुनेला घेऊन येणार आहेत. मुलगा कमरेला पिस्तूल लावतो, आणि हे मला आजोबांनीच आधी फोन करून सांगितलं.